बोटांची आठवण किती वेळ टिकते?

घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही हात तळवे वर करून टेबलावर ठेवायला सांगा. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला तीन पेरं. एका हाताची बारा, दोन्ही हातांची चोवीस. जप मोजताना अंगठा फिरतो तो याच पेरांवरून. आता पेन्सिलीच्या बोथट टोकानं यातल्या दोन पेरांना हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागलं ते विचारा. उत्तर बरोबर येईल. मग भराभर सात-आठ पेरांना स्पर्श करा आणि पुन्हा विचारा. तीन-चार जागा सांगून झाल्या की समोरचा माणूस अडखळू लागतो. त्याला स्पर्श जाणवलाच नाही असं मुळीच नाही. पेन्सिल कुठे टेकली हे प्रत्येक वेळी त्या क्षणी त्याला स्पष्ट कळलेलं असतं. कळलेलं असतं, पण सांगायची वेळ येईपर्यंत निसटलेलं असतं.

मधल्या या काही सेकंदांत काय होतं? डोळ्यांच्या आणि कानांच्या अल्पकालीन स्मृतीवर भरपूर संशोधन झालं. स्पर्शाच्या वाट्याला त्या मानानं फार थोडं आलं, आणि ही उपेक्षा मला खटकते. कारण जे थोडं काम झालंय ते स्मृतीबद्दलच्या आपल्या ढोबळ कल्पनाच बदलून टाकतं.

वरचाच प्रयोग, अर्थात काटेकोर मोजमाप करून, १९६६ साली अमेरिकेत जेम्स ब्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पेन्सिलीच्या जागी हवेचे बारीक झोत होते आणि ते याच चोवीस पेरांपैकी हव्या त्या पेरांवर एकाच वेळी सोडता येत. त्यांच्यासमोर नमुना होता तो जॉर्ज स्पर्लिंग यांच्या १९६० सालच्या कामाचा. स्पर्लिंग यांनी बारा अक्षरं लोकांच्या डोळ्यांसमोर सेकंदाच्या विसाव्या भागापुरती चमकवली. लोकांना त्यातली चारेक सांगता येत. पण अक्षरं नाहीशी झाल्याबरोबर एक सूर वाजवून ‘फक्त वरची ओळ’ किंवा ‘फक्त खालची ओळ’ असं सुचवलं, तर त्या ओळीतली बहुतेक अक्षरं ते सांगत. कुठली ओळ विचारणार हे तर त्यांना आधी ठाऊक नव्हतं. म्हणजे चारापेक्षा कितीतरी जास्त अक्षरांचं चित्र क्षणभर मनात उभं होतं, आणि पहिली चार उच्चारेपर्यंत बाकीचं विरून जात होतं.

ब्लिस यांनी हीच युक्ती पेरांवर वापरली. सगळ्या जागा विचारण्याऐवजी, स्पर्श होऊन गेल्यावर खूण करून ठरावीक पेरांबद्दलच विचारलं. आणि तिथेही तेच दिसलं: सगळं सांगायला लावल्यावर जेवढं बाहेर येतं, त्यापेक्षा त्वचेकडून आलेलं बरंच जास्त काही थोडा वेळ आत शिल्लक असतं. हा फायदा डोळ्यांइतका मोठा नव्हता. शिवाय खूण करायला सेकंदभर उशीर झाला तर तोही उरत नसे. स्पर्शाची ही सगळ्यात पहिली, सगळ्यात कोवळी आठवण. शास्त्रज्ञ तिला संवेदी स्मृती म्हणतात. तिच्यात निवड नसते, अर्थ नसतो. जे लागलं ते जसंच्या तसं, पण अगदी थोडा वेळ.

ब्लिस यांना यात रस का होता, हेही सांगायला हवं. स्टॅनफर्डमधले अभियंते जॉन लिन्व्हिल यांची मुलगी दृष्टिहीन होती, आणि तिला साधी छापील पुस्तकं वाचता यावीत असं यंत्र त्यांना बनवायचं होतं. ब्लिस त्या कामात त्यांचे भागीदार होते. त्यातून ‘ऑप्टाकॉन’ तयार झालं आणि १९७१ साली ते बाजारात आलं. एका हातानं छोटा कॅमेरा छापील ओळीवरून सरकवायचा, दुसऱ्या हाताच्या तर्जनीखाली १४४ बारीक पिना थरथरून अक्षराचा आकार उमटवायच्या. यंत्र विलक्षण होतं, लोक त्यावर वाचायला शिकलेही, पण वाचन संथच राहिलं. बोट एका जागी स्थिर आणि अक्षरं त्याच्याखालून सरकत जाणारी. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

इथे एक गैरसमज बाजूला करू. मनगटावरचं घड्याळ किंवा अंगावरचे कपडे थोड्या वेळानं जाणवेनासे होतात, तो विसराळूपणा नाही. तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या त्वचेत एका हाताला सुमारे १७,००० स्पर्शतंतू असतात, असा अंदाज स्वीडनच्या योहान्सन आणि व्हाल्बो यांनी १९७९ साली मांडला. यातले बरेचसे फक्त बदल झाला की संदेश पाठवतात. दाब तसाच राहिला की गप्प बसतात. घड्याळाच्या बाबतीत संदेशच थांबलेला असतो. पेरांच्या प्रयोगात मात्र संदेश नीट पोचलेला असतो आणि तरीही हरवतो. स्मृतीचा प्रश्न आहे तो हा दुसरा.

त्या पहिल्या सेकंदानंतर काय? १९६९ साली गिल्सन आणि बॅडली यांनी एक साधा प्रयोग केला. हातावर एका ठिकाणी स्पर्श करायचा, काही वेळ थांबायचं (कधी काहीच नाही, कधी पूर्ण मिनिटभर) आणि मग ती जागा दाखवायला सांगायची. मधला वेळ मोकळा सोडला तर लोक जागा बऱ्यापैकी धरून ठेवत. तेवढ्या वेळात उलटे आकडे मोजायला लावले की दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून सरकू लागे. म्हणजे संवेदी स्मृतीच्या पुढे आणखी एक टप्पा आहे. तिथे स्पर्श आपोआप टिकत नाही, त्याला लक्ष देऊन धरून ठेवावं लागतं. फोन नंबर मनात घोळवतो तसं ‘मनगटापासून चार बोटं वर’ असं आपण घोळवतो, किंवा शब्दांशिवाय नुसतं त्या जागेकडे ध्यान लावून बसतो. बॅडली यांनी पुढे १९७४ साली ग्रॅहॅम हिच यांच्याबरोबर कार्यकारी स्मृतीचा, म्हणजे काम करताना मनात धरून ठेवलेल्या माहितीचा, जो सिद्धांत मांडला तो आज मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पण त्यात आवाजासाठी एक आणि दृश्यासाठी एक असे दोनच कप्पे होते. स्पर्शाला स्वतःचा कप्पा मिळाला नाही.

मग ही धरून ठेवलेली आठवण मेंदूत असते कुठे?

कापडाच्या दुकानात लोक काय करतात ते पाहा. एका कापडाचा पोत अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपतात, दुसरं चाचपतात, आणि पुन्हा पहिल्याकडे वळतात. हात तोच, बोटं तीच. ‘जरा या बोटांनी पाहू’ म्हणून कुणी दुसऱ्या कापडाला करंगळी लावत नाही. या सवयीशी नेमका जुळणारा पुरावा जस्टिन हॅरिस, आयरिना हॅरिस आणि मॅथ्यू डायमंड यांनी २००१ साली दिला. त्यांनी लोकांच्या बोटांच्या टोकांना एकामागून एक दोन कंपनं दिली, सेकंदाला १४ ते २४ वेळा थरथरणारी, आणि कुठलं जलद होतं ते विचारलं. मधलं अंतर एका सेकंदापेक्षा कमी असताना, दोन्ही कंपनं एकाच बोटाला दिली तर तुलना चांगली जमे आणि वेगवेगळ्या बोटांना दिली तर बिघडे. एक-दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर दुसऱ्या हाताचं तेच बोटही चाले, म्हणजे उजवी तर्जनी आणि डावी तर्जनी. पण लांबचं बोट नाही. मधल्या वेळात तिसरं, बिनकामाचं कंपन दिलं तर त्याच बोटावर ते सर्वाधिक घोटाळा करी, आणि बोट जितकं लांब तितका घोटाळा कमी.

आठवण जर मेंदूच्या कुठल्यातरी सामाईक कोठारात ‘इतक्या वेगाचं कंपन’ अशी नोंद म्हणून ठेवली जात असती, तर कुठलं बोट होतं यानं काय फरक पडला असता? फरक पडतो, याचा अर्थ ती बोटाबोटानं ठेवली जाते. मेंदूत अशी एक जागा आहेच. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लावलेल्या हेअरबँडखाली येईल अशी, मेंदूच्या पृष्ठभागाची एक पट्टी सगळ्या शरीराच्या स्पर्शाचा नकाशा सांभाळते. वाइल्डर पेनफिल्ड यांनी माँट्रियलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन हा नकाशा उलगडला. त्यात संपूर्ण पाठीला मिळते त्याहून कितीतरी जास्त जागा बोटांना आणि ओठांना आहे, आणि प्रत्येक बोटाला आपापली वेगळी.

संशय या पट्टीवरच होता, म्हणून पुढच्याच वर्षी या गटानं तिची थेट परीक्षा घेतली. दोन कंपनांमध्ये दीड सेकंदाचं अंतर ठेवलं आणि त्या काळात डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन पट्टीचं काम क्षणभर विस्कटलं. पहिलं कंपन संपल्यावर ०.३ किंवा ०.६ सेकंदांनी झटका दिला तर तुलनेतल्या चुका वाढल्या. ०.९ किंवा १.२ सेकंदांनी दिला तर काहीच बिघडलं नाही. मेंदूच्या दुसऱ्या बाजूला दिला तर कधीच नाही. म्हणजे साधारण पहिल्या पाऊण सेकंदापर्यंत आठवण तिथेच होती, जिथे स्पर्श प्रथम पोचला, आणि त्यानंतर ती तिथे राहिली नव्हती किंवा तिथल्यावर अवलंबून राहिली नव्हती. एखाद्या आठवणीचा मुक्काम इतक्या बारकाईनं घड्याळ लावून पाहता यावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ती पुढे कुठे जाते याचा माग मेक्सिको सिटीतल्या रानुल्फो रोमो यांनी लावला. त्यांनी शिकवलेल्या माकडांना बोटाच्या टोकावर एक कंपन मिळे, मग काही सेकंद शांतता, मग दुसरं कंपन. माकडानं बटण दाबून सांगायचं, दुसरं जलद की संथ. त्या वेळी त्यांच्या मेंदूतल्या एकेका चेतापेशीचे संदेश नोंदवले जात होते. स्पर्शाच्या पट्टीतल्या पेशी कंपन चालू असेपर्यंत धडधडत आणि शांततेत गप्प होत. कपाळामागच्या भागातल्या काही पेशी मात्र त्या संपूर्ण शांततेत बोलत राहत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्या पेशी काय बोलत होत्या ती. त्या कंपनाची नक्कल करत नव्हत्या. पहिलं कंपन जितकं जलद, तितका काही पेशींचा संदेशांचा वेग जास्त. काही पेशींचं बरोबर उलट: कंपन जलद, तर वेग कमी. स्पर्श तिथपर्यंत पोचेतो त्याचा स्पर्शपणा गळून पडलेला असतो आणि उरलेलं असतं ते एक माप.

ते मापही तात्पुरतं. तुलना झाली, बटण दाबलं, की पेशी ते सोडून देतात. याच गटानं १९९८ साली आणखी एक धाडसी गोष्ट करून पाहिली होती. दुसऱ्या वेळी बोटाला कंपन न देता स्पर्शपट्टीतल्या बोटाच्या जागी त्याच वेगानं विजेचे सूक्ष्म ठोके दिले. माकडांनी खऱ्या कंपनाची या बनावट कंपनाशी तुलना केली आणि जवळपास तितकीच बरोबर उत्तरं दिली. बोटावर काहीही झालेलं नसताना!

सगळे तज्ज्ञ या चित्रावर एकमत आहेत असं मात्र नाही. झोउ आणि फुस्टर यांनी १९९६ साली माकडांना हातानं वस्तू चाचपून लक्षात ठेवायला लावलं, तेव्हा स्पर्शाच्या पट्टीतल्याच काही पेशी वाट पाहण्याच्या काळातही जाग्या राहिलेल्या त्यांना दिसल्या. रोमो यांना त्या दिसल्या नाहीत. मला वाटतं, या विसंगतीचं मूळ कामाच्या फरकात असावं. एक काम दोन वेगांची तुलना करण्याचं, ते एका आकड्यावर भागतं. दुसरं वस्तूचा पोत लक्षात ठेवण्याचं, आणि पोत आकड्यात मावत नाही. जे मापात उतरत नाही ते बहुधा मूळ जागीच जपावं लागतं.

आता पुन्हा सुरुवातीच्या अडखळण्याकडे. स्पर्शाचा झरा एवढा समृद्ध असताना इतकं कमी हाती का लागतं? आल्बेर्तो गालाचे आणि चार्ल्स स्पेन्स यांनी ऑक्सफर्डमध्ये पेरांऐवजी सगळं शरीरच घेतलं. अंगावर ठिकठिकाणी कंप देणारी छोटी साधनं बांधली आणि त्यातली काही एकदम चालू केली. चालू साधनं अगदी थोडी असताना लोक मोजू शकत. ती वाढत गेली की अंदाज ढासळत जाई. २००६ साली त्यांनी हाँग टॅन यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली. एकदा ठरावीक जागी कंप द्यायचा, मग क्षणभर सगळीकडे खळबळ उडवून द्यायची, मग पुन्हा तोच कंप, पण एक जागा बदलून. ती बदललेली जागा बऱ्याचदा लोकांच्या ध्यानातच येत नसे. अंगावर काय चाललंय याची आपल्याला पूर्ण खबर असते ही आपली खात्री असते. ती खात्री खरी नाही.

एवढं वाचून स्पर्शाची स्मृती म्हणजे अगदीच दुबळी असं वाटेल. पण या सगळ्या प्रयोगांत हात नुसता पडून आहे आणि जग येऊन त्याला लागतंय. खऱ्या आयुष्यात हात असा वागत नाही. तो जाऊन शोधतो. पोत पाहायचा तर घासतो, कडकपणा पाहायचा तर दाबतो, वजन पाहायचं तर उचलून तोलतो, आकार पाहायचा तर कडेकडेनं बोट फिरवतो. रोबर्टा क्लाट्झकी आणि सुझन लेडरमन यांनी या हालचालींची १९८७ साली नीट वर्गवारी केली. त्याआधी १९८५ साली त्यांनी लोकांचे डोळे बांधून त्यांच्या हाती शंभर रोजच्या वस्तू दिल्या होत्या. सुमारे ९६ टक्के वेळा वस्तू बरोबर ओळखली गेली, आणि तीही बहुतेकदा पाच सेकंदांच्या आत.

मग २०१८ साली जर्मनीतल्या हुटमाखर आणि कुबांटनर यांनी जे दाखवलं ते त्याहून थक्क करणारं आहे. डोळे बांधलेल्या माणसांनी १६८ घरगुती वस्तू प्रत्येकी दहा सेकंद हाताळल्या. नंतर प्रत्येक वस्तू तिच्याच जातीच्या दुसऱ्या वस्तूबरोबर दिली आणि विचारलं, मघाशी हातात होती ती कुठली? ९४ टक्के उत्तरं बरोबर आली. आठवड्यानंतर विचारलं तरी सुमारे ८५ टक्के. सात-आठ पेरांच्या जागा क्षणभर न टिकवू शकणारा हात १६८ वस्तू आठवडाभर ओळखीच्या ठेवतो. फरक हालचालीचा आहे. हाताळताना पोत, वजन, गारवा, कडा हे सगळं एकाच वस्तूला जाऊन चिकटतं आणि एक धागा सुटला तरी दुसरा हाती राहतो. पेरावरच्या टोचणीला चिकटायला असं काही नसतं.

ऑप्टाकॉनचं संथ वाचन आणि ब्रेलचं सफाईदार वाचन यांतही हा फरक आहेच. ब्रेल वाचताना बोट स्वतः ओळीवरून सरकतं. एका अक्षराची जागा सहा टिंबांची, टिंबांमधलं अंतर सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे अख्खं अक्षर बोटाच्या टोकाखाली मावतं. पण शब्द मावत नाही. म्हणून मागचं अक्षर आठवणीत, पुढचं बोटाखाली, असंच वाचावं लागतं. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलची मराठीतली रचना या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. छापील ‘कि’मध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि क नंतर. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, अगदी उच्चाराच्या क्रमानं. बोटाला मागेपुढे करावं लागत नाही. जोडाक्षरात मात्र आधी एक एकटं टिंब येतं, पुढचं व्यंजन अर्धं आहे हे सांगणारं, आणि ती सूचना वाचणाऱ्याला पुढच्या अक्षरापर्यंत सांभाळून न्यावी लागते. २००८ साली सुरू झालेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक ज्यांनी बोटांनी वाचलं, त्यांनी प्रत्येक ओळीत ही कसरत पुन्हा पुन्हा केलेली आहे, आणि सरावानं ती त्यांना जाणवतही नाही.

ब्रेल वाचणारी मुलं अक्षरं लक्षात ठेवतात ती बोटांच्या जाणिवेनं की नावानं? सुझाना मिलर यांनी १९७५ साली ब्रिटनमधल्या दृष्टिहीन मुलांवर हे तपासलं. हाताला सारखी लागणारी अक्षरं एकत्र दिली तरी चुका वाढल्या, आणि ज्यांची नावं उच्चाराला सारखी अशी दिली तरी वाढल्या. म्हणजे दोन्ही वाटा वापरात होत्या. पण आकाराला चटकन नाव देता येणाऱ्या मुलांना जास्त अक्षरं लक्षात राहत. स्पर्शाला नाव मिळालं की तो त्वचेच्या नकाशावर अवलंबून राहत नाही आणि मनात घोळवता येतो.

याचा एक फार चांगला उपयोग वैद्यकात झाला आहे. जर्मनीतले स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रांक हॉफमान यांनी दृष्टिहीन स्त्रियांना स्तनांच्या तपासणीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि भारतातही दिल्लीत असं प्रशिक्षण सुरू झालं. या स्त्रियांच्या बोटांचा सराव दांडगा असतो, पण मऊ त्वचेवर ‘नेमकं कुठे’ ही आठवण त्यांचीही इतरांसारखीच सरकू शकते. म्हणून तपासणीआधी छातीवर ब्रेलच्या खुणा असलेल्या चिकटपट्ट्या लावतात. त्या खुणांच्या आधारानं बोटं सेंटिमीटर-सेंटिमीटर पुढे जातात. काही वेगळं लागलं की कुठली पट्टी आणि कितवी खूण एवढंच लक्षात ठेवायचं, आणि ते डॉक्टरांना तासाभरानंतरही बिनचूक सांगता येतं.